हरणकाका

नोव्हेंबरचा पहिला शनिवार, सकाळचे साडेआठ. दारात हरणकाका उभे. टोपी हातात, चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा.

“आज तुमच्याकडे काही तळायचं आहे का?”

म्हटलं, आहे. चकल्या. आईने भाजणी मळायला घेतलीसुद्धा. काकांनी डोळे मिटले. मग एक बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं आणि म्हणाले, “वारा पश्चिमेचा आहे.”

आमचं घर पश्चिमेला, त्यांचं पूर्वेला. मधे कुंपण नाही, नुसती हिरवळ. तिच्या पलीकडे दोरीवर त्यांचे शिकारीचे कपडे टांगलेले. धुऊन वाळत घातलेले नव्हेत. कपडे केव्हाच वाळलेत. ते बाहेर राहतात, कारण घरात माणसाचा वास असतो.

आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहतो. काका चीजच्या कारखान्यात 34 वर्षं काढून निवृत्त झाले. ‘हरणकाका’ हे नाव आमच्या मुलीने ठेवलं, त्यामुळे त्यांच्या बाई ओघानेच हरणकाकू झाल्या. माणूस लाखात एक. बर्फ पडला की स्वतःच्या दारातला उपसता उपसता आमच्याही दारातला उपसून टाकतात आणि वर ‘व्यायाम झाला’ म्हणतात. फक्त सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यबाणाचा मोसम उघडला की ते आमचे राहत नाहीत.

हरीण म्हणतो खरं, पण हे आपलं काळवीट नव्हे. काळविटाची शिंगं जन्मभर तीच. हे पांढऱ्या शेपटीचं जनावर चितळ-सांबराच्या कुळातलं. नराची शिंगं हिवाळ्यात गळतात, वसंतात नवी फुटतात, उन्हाळाभर मखमलीखाली वाढतात, आणि सप्टेंबरात मखमल झाडाला घासून काढली की पठ्ठ्या माजावर यायला मोकळा. धोक्याचा वास आला की शेपटी ताठ उभी करून पळतं, तेव्हा तिची खालची पांढरीशुभ्र बाजू दिसते. काकांनी तीसहून जास्त मोसमांत मुख्यतः ती बाजूच पाहिली आहे.

रायफलचा मोसम अवघा नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पाच लाखांहून जास्त माणसं नारिंगी जाकिटं घालून रानात शिरतात. जत्राच ती, फक्त बोलायची बंदी असलेली. मागे राहिलेल्या बायकांना इथे चक्क ‘डिअर विडो’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी दुकानं सेल लावतात. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आई “शुभ बोल रे नाऱ्या” म्हणाली, आणि काकूंना बोलावून हळदीकुंकू लावलं. 2016 मध्ये नारिंगीच्या जोडीला भडक गुलाबी रंगालाही कायद्याने परवानगी मिळाली. काकूंनी हौसेने गुलाबी टोपी आणली. ती दर जानेवारीत आमच्या अंगणातल्या बर्फाच्या माणसाच्या डोक्यावर असते.

काकांची खरी इस्टेट म्हणजे एक वही. रकाने चार: तारीख, वारा, तापमान, कारण. कारण म्हणजे हरीण न मिळण्याचं. 2022 पर्यंतच्या 31 वर्षांत हरणं मिळाली सहा, तेव्हा उरलेले सगळे दिवस या चौथ्या रकान्यात. ‘खोकला.’ ‘गुडघा वाजला.’ ‘कावळा.’ ‘सँडविचचा कागद.’ ‘मेव्हणा’, हे लागोपाठ दोन वर्षं. एका वर्षी नुसतं ‘साबण’. त्याचा खुलासा मी मुद्दाम विचारला. हरणाला नारिंगी रंग ओळखता येत नाही, पण निळ्याच्या बाजूचं त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. काकूंनी कपडे झकपक करणाऱ्या पावडरीत जाकीट धुतलं, आणि काकांच्या मते ते आठवडाभर झाडावर ट्यूबलाइट होऊन बसले होते. मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.” काकांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, जमिनीच्या उताराविषयी म्हणत होती. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. उताराचा मुद्दा त्यांना पटला.

वासाचं मात्र थोतांड नाही. हरीण डोळ्यांनी पाहतं तेव्हा त्याला शंका येते, कानांनी ऐकतं तेव्हा थांबतं, आणि वास आला की निकाल लागतो. म्हणून बिनवासाचा साबण, बिनवासाचं डिओडरंट, कपडे ठेवायच्या पेटीत पाइनची पानं. शिवाय हरिणीचं मूत्र बाटलीत भरलेलं दुकानात मिळतं, ते नराला भुलवायला. ही बाटली आईला दाखवताना मी जरा बिचकत होतो. तिला काहीच वाटलं नाही. “गोमूत्र मिळतंच की आपल्याकडे,” म्हणाली आणि किंमत विचारली.

2022 मध्ये काका मला उत्तरेकडे घेऊन गेले. तिथे रानात त्यांची लाकडी खोली आहे. रात्री चार म्हातारे शीप्सहेड नावाचा पत्त्यांचा डाव मांडतात, ब्रँडी पितात आणि न मिळालेल्या हरणांच्या आठवणी काढतात. मिळालेल्यांचा विषय कुणी काढत नाही. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट जेम्स जॉर्डनची. या माणसाने 1914 मध्ये याच राज्यात, डॅनबरीजवळ, एक नर मारला आणि डोकं पेंढा भरणाऱ्याकडे दिलं. तो पेंढावाला गाव सोडून गेला, शिंगांसकट. पन्नासेक वर्षांनी मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ती शिंगं कुणी तरी 3 डॉलरला उचलली. मोजली तर 206 इंचांच्या वर, जागतिक विक्रम. शिंगं आपली आहेत हे पटवण्यात जॉर्डनची उरलेली वर्षं गेली आणि 1978 मध्ये विक्रम नावावर लागला तेव्हा तो नुकताच वारलेला होता. गोष्ट संपली की चौघेही पत्ते खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसतात. काकांचे डोळे ओले होतात. लग्नाच्या वाढदिवसाला होत नाहीत, ही काकूंची तक्रार.

पहाटे आम्ही खांबांवरच्या लाकडी खोक्यात जाऊन बसलो. उणे आठ. कायद्याने सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बंदूक चालवता येते. आम्ही त्याच्याही तासभर आधीपासून दगड होऊन बसलेलो. मी पायांची बोटं मोजत होतो, आहेत की गेली म्हणून. नऊच्या सुमारास नर आला. आठ टोकांची शिंगं. एक कान पुढे, एक कान मागे, दोन्ही आपापल्या कामात. जिभेने नाक ओलं केलं, हवा चाचपली. मग पुढचा एक खूर जमिनीवर आपटला. काकांनी नंतर सांगितलं, तो अंदाजाने आपटतो, समोरचा दचकून हलतो का ते बघायला. मान खाली घातली, चरल्यासारखं केलं, आणि झटकन वर काढली. सरळ सोंग. आमच्या सोसायटीतले खजिनदार असंच करायचे.

मी काकांकडे पाहिलं. एकतीस मोसम मुरलेला माणूस, आणि रायफल धरलेले हात पिंपळाच्या पानासारखे लटलटत होते. याला ते ‘बक फीवर’ म्हणतात. नर पंचवीसेक पावलांवर, बाजू देऊन उभा. एक मिनिट गेलं असेल. काकांनी रायफल हळूच मांडीवर ठेवली. नर निघून गेला, चालत. शेपटीसुद्धा वर केली नाही.

“फांदी होती मधे,” ते म्हणाले.

मला फांदी दिसली नव्हती. संध्याकाळी वहीत ‘फांदी’ अशी नोंद झाली.

परतीच्या रस्त्यात त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हरणं नाहीत का? म्हटलं, आहेत, पण 1972 च्या कायद्यापासून मारलं तर तुरुंग. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरात कुणी गेल्यासारखा. मग मी उलट विचारलं, पाप नाही वाटत? ते चिडले नाहीत. म्हणाले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी इतकी मारली की अख्ख्या देशात काही लाखच उरली होती. मग बंदी आली, मोसम ठरले, 1937 पासून बंदुका-काडतुसांवर 11 टक्के कर लागला तो वन्यजीवांसाठी. आता तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे शेतांत राहत नाहीत. मग उरतो मी नाही तर मोटार. “आणि मोटारीला,” ते म्हणाले, “मोसम नसतो.” उत्तर बरं होतं. सहा हरणांच्या मालकाने तीन कोटींची जबाबदारी घ्यावी याचं मात्र मला हसू आलं.

काकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर तेव्हा सहा शिंगजोड्या होत्या. सातवी, सगळ्यांत मोठी, दहा टोकांची, कपडे धुण्याच्या खोलीत. ती काकूंची. लग्नानंतर त्या एकदाच गेल्या होत्या. दोन तासांत नर पाडला, “फार थंडी आहे बाई” म्हणाल्या आणि पुन्हा कधी गेल्या नाहीत. शिंगं आत का, तर दिवाणखान्यात जागा नाही. त्यांवर टॉवेल छान वाळतात.

तर तो शनिवार. 2023. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, म्हणजे इकडे फराळाची घाई आणि तिकडे हरणांचा माज ऐन भरात. घरात तळण काढलं की धुराचा अलार्म ठणाणा करतो, म्हणून इथली मराठी मंडळी गराजमध्ये नाही तर डेकवर तळतात. आई डेकवर होती. नऊवारीवर स्वेटर, स्वेटरवर माझं जाकीट, डोक्याला शाल, हातात सोऱ्या. पहिला घाणा कढईत पडला, आणि ओवा-तिळाचा तो खमंग लोट हिरवळ ओलांडून सरळ काकांच्या विजारीत शिरला. काका धावत सुटले, पण दोन्ही हातांत मावतील एवढेच कपडे. जाकीट राहिलं.

तीन वेळा बिनवासाच्या साबणाने धुतलं, गेला नाही. आई म्हणाली, “देवाच्या आधी नैवेद्य त्याच्या कपड्यांनीच खाल्ला.” काका चकलीच्या वासाचं जाकीट घालून, तोंड पाडून उत्तरेला गेले. 18 नोव्हेंबरला मोसम उघडला आणि सकाळी सव्वासातला त्यांनी आठ टोकांचा नर घेतला. आपणहून चालत आला होता, नाक वर करून.

त्यातलं दोन किलो मटण आमच्याकडे आलं. बायको कोल्हापूरची, तिने तांबडा रस्सा केला आणि निकाल दिला की हरणाला चरबी नाही, मसाला फुकट गेला. इकडे काकांना वेगळाच पेच. सहा हरणं झाली होती, पण त्या दिवसांना ते चौथा रकाना सरळ रिकामा सोडत. कारण लागतं ते न मिळण्याला. या वेळी त्यांना राहवेना. दोन दिवसांनी वही घेऊन आले, स्पेलिंग विचारलं आणि लिहिलं, ‘चकली?’

2024 मध्ये दिवाळी लवकर आली. हरीण नाही. 2025 मध्ये तर ऑक्टोबरातच उरकली. हरीण नाही. दोन्ही वर्षी कारण एकच: ‘चकली नाही.’ आता त्यांच्या गराजमध्ये कालनिर्णय टांगलेलं असतं, दर वर्षी मी आणून देतो. पौर्णिमा आणि अमावास्या हे दोन शब्द त्यांना ओळखता येतात. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे हे त्यांनीच मला सांगितलं, तारखेभोवती नारिंगी पेनाने गोल करून. आईचा व्हिसा संपलाय, नव्याची तारीख मिळत नाही, हे सांगितलं तेव्हा ते सिनेटरला पत्र लिहायला निघाले. मी म्हटलं, तळायला मी बसतो. त्यांनी माझ्याकडे, मग वाऱ्याकडे पाहिलं, आणि भाजणी मात्र आईचीच हवी अशी अट घातली.

तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्या-मुंबईहून शिकागोला कुणी येणार असेल, तर कृपया कळवा. दोन किलो भाजणी आणायची आहे.