नऊशे नव्व्याण्णव नंबरी

हेराला कुणी ओळखता कामा नये, हा त्या धंद्यातला पहिला नियम. बंगळुरूच्या हेराचे मात्र चौकाचौकात पुतळे आहेत. गळ्यात हार, शेजारी लाल-पिवळा झेंडा, 24 एप्रिलला वाढदिवसाचा लाउडस्पीकर. राजाजीनगरात त्याच्या नावाचा रस्ताही आहे. हेराचं पडद्यावरचं नाव प्रकाश, हुद्दा सीआयडी 999. आत कन्नड नट डॉ. राजकुमार. पण इथे राजकुमार म्हणतो तो बाहेरचा. गाववाले अण्णावरू म्हणतात.

साहेबाच्या देशातली मंडळी साठच्या दशकात दर आठवड्याला टीव्हीसमोर बसून आपापले हेर बघत होती. बंगळुरूत तेव्हा टीव्हीच नव्हता. म्हणून इथली हेरमालिका थेटरात लागली. 1968 साली 'जेडर बले', त्याच वर्षी 'गोवादल्ली सीआयडी 999', 1969 साली 'ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सीआयडी 999' आणि मग तब्बल नऊ वर्षांनी 'ऑपरेशन डायमंड रॅकेट'. चार भागांना दहा वर्षं, आणि मध्ये कुणी रिमोट फेकून मारला नाही. दिग्दर्शक दोराई-भगवान ही जोडी. बाँडची हवा तेव्हा सगळीकडेच होती. तेलुगूत कृष्णाने 1966 साली 116 नंबर घेतला, पुढच्या वर्षी 'फर्ज'मध्ये गिरगावच्या चाळीतल्या जितेंद्रने तोच नंबर हिंदीत चालवला. कन्नडवाल्यांनी विचार केला, तीन आकडीच घ्यायचा तर सगळ्यात मोठा घेऊ.

त्यातला गोव्याचा भाग मराठी माणसाला जरा झोंबणारा आहे. 1967 च्या जानेवारीत गोव्याने जनमत कौल देऊन महाराष्ट्रात यायला नकार दिला. त्याच वर्षी महाजन अहवालाने बेळगावही नाकारलं. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, ठराव केले. तोवर पुढच्याच साली म्हैसूर राज्याने (कर्नाटक हे नाव 1973 चं) आपला हेर गोव्यात उतरवलासुद्धा. तोही तिकीट लावून.

खरी गंमत हेराच्या आधीच्या नोकऱ्यांत आहे. हेच गृहस्थ 1963 साली कन्नड पडद्यावर संत तुकाराम होते. 1965 साली सत्यवचनी हरिश्चंद्र, 1966 साली मंत्रालयाचे राघवेंद्रस्वामी. मग सूट चढवून, पिस्तूल घेऊन खलनायकाच्या मागे. आणि 1974 साली पुन्हा पंढरीच्या वाटेवर, या वेळी गोरा कुंभार म्हणून. प्रेक्षकांनी एकदाही विचारलं नाही, की अहो महाराज, हे काय चाललंय. आपल्याकडे 'प्रभात'च्या तुकारामानंतर विष्णुपंत पागनीसांच्या हातात कुणी पिस्तूल दिलं असतं, तर पुण्यातल्या वर्तमानपत्रांना महिनाभर वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी जादा पान काढावं लागलं असतं.

'डायमंड रॅकेट'मध्ये एक गाणं आहे, सबंध इंग्रजीत. शाळा लहानपणीच सुटलेल्या माणसाने ते स्वतः गायलंय. 1968 साली त्यांचा पडद्यावरचा आवाज पी. बी. श्रीनिवासांचा असे, 1974 नंतर ते आपली गाणी आपणच म्हणू लागले. या गाण्यातला एकेक इंग्रजी शब्द कन्नडच्या फोडणीतून बाहेर येतो. उच्चारात कसली लाज नाही, चेहऱ्यावर पूर्ण विश्वास. काही दशकांनी इथल्या कॉलेजातल्या पोरांना हे गाणं फोनवर सापडलं. आधी टिंगल म्हणून वाजवलं, मग गॅदरिंगमध्ये नाचले, आता पाठ आहे. अमेरिकन कंपनीच्या कॉलवर दिवसभर तोंड वाकडं करून इंग्रजी बोलणारी पोरं रात्री ठेका धरतात ती या इंग्रजीवर. मी त्यांना दोष देणार नाही. पण रिक्षात बसून या गाण्याला हसण्याचा प्रयोग करू नये, उरलेलं अंतर चालावं लागण्याची शक्यता आहे.

भक्तांत आपलाही माणूस आहे बरं का. इथल्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, बीटीएस बसचे कंडक्टर. तेही अण्णावरूंचे भक्त. पुढे मद्रासला गेले आणि रजनीकांत झाले, तो विषय वेगळा.

पडद्यावर तीन तासांत टोळी पकडणारा हा हेर 30 जुलै 2000 रोजी गाजनूरच्या घरातून चंदनतस्कर वीरप्पनने उचलून नेला. दोन राज्यांचे पोलीस, दोन मुख्यमंत्री, गुप्त खबऱ्यांची फौज, आणि तरी 108 दिवस लागले. मध्यस्थीला जंगलात कोण गेलं? एका तमिळ नियतकालिकाचे संपादक. हेरखात्याला पत्रकारांची गरज पडते, हे आमच्या मालकांनी पगारवाढीच्या वेळी लक्षात घ्यावं.

प्रेमाला दुसरी बाजूही आहे, ती झाकत नाही. 12 एप्रिल 2006 ला अण्णावरू गेले तेव्हा शहर पेटलं. बस जळल्या, दगडफेक झाली, माणसं मेली. गेलेल्या माणसाने चाहत्यांना आयुष्यभर देव म्हटलं होतं आणि मरताना डोळे दान केले होते. देवांनी काचा फोडल्या. आज कंठीरव स्टुडिओतल्या समाधीवर तीच गर्दी रांगेत उभी राहून फुलं वाहते.

पण प्रेम आहे ते उघड्यावर, त्यात चोरटेपणा नाही. माझी असूया तिथे आहे. हेर आपल्याकडे कमी होते का? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपने शत्रूच्या मुलखात किती मोहिमा मारल्या याचा हिशेब संरक्षण खात्याकडेही नसेल. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या या मंडळींनी जगवल्या. मग यांचे वाचक गेले कुठे? कुणाही मराठी माणसाला विचारा. म्हणतो, "हो, लहानपणी वाचायचो, मग जी. एं.कडे वळलो." अर्नाळकर वाचून तिथेच सुखाने थांबलेला एक तरी मनुष्य मला दाखवा. सगळे जी. एं.कडे वळले म्हणावेत, तर जी. एं.च्या आवृत्त्या त्या मानाने दिसत नाहीत. छोट्या पडद्यावर शिवाजी साटमांना आपण 1998 पासून वीस वर्षं गुन्हेगार पकडताना पाहिलं, तेही हिंदीत. कौतुक करायचं झालं तर म्हणतो, "नाटकात मात्र चांगलं काम करायचे हो."

मल्लेश्वरमला एक काका आहेत, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. परवा त्यांच्याकडे चहाला हा विषय काढला. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून सुरू झाले. झुंजार, काळापहाड, धनंजय, कॅप्टन दीप. कोण कुठल्या पुस्तकात कसा निसटला, कुठल्या प्रकरणात दिवे गेले, गोळी नेमकी कुणी झाडली. पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं तोंडपाठ. डोळे असे चमकत होते की पुतळ्यासाठी वर्गणी मागितली असती तर जागच्या जागी दिली असती. तेवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

"काय एवढं रंगलंय?"

"काही नाही गं," काका खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "दासबोधावर बोलत होतो."

"बोला की," काकू म्हणाल्या. "माळ्यावर ट्रंकभर आहे तुमचा दासबोध. कव्हरावर पिस्तूलवाली बाई असलेला."