केर, वारे आणि पास्कल

मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला घरातली फरशी दिसू लागली आहे. घटना अलीकडची आहे आणि कुठल्याही सरकारी अहवालात तिची नोंद नाही, म्हणून इथे करून ठेवतो. सुपली कुठल्या खिळ्याला टांगलेली असते हे ज्यांना पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं, ते आता रात्री अकरा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर ‘सक्शन किती आहे?’ असं विचारतात. लगेच उत्तरं येतात. बी विंग केर काढणाऱ्या रोबोच्या बाजूने उभी राहते, सी विंग दांड्याच्या कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरच्या बाजूने, आणि पाण्याच्या टँकरवरून जी मोर्चेबांधणी कधी झाली नाही ती केरावरून होते.

कारण उघड आहे. केर काढणं हे जोवर कमरेत वाकून करायचं काम होतं, तोवर ते बायकांचं होतं. त्याला मोटर बसली, बॅटरी आली, ॲप आलं, आणि ते काम न राहता तंत्रज्ञान झालं. तंत्रज्ञानात पुरुषाने लक्ष घालायचं असतं. लक्ष घालायचं म्हणजे एक्सेलमध्ये तक्ता करायचा: किंमत, पास्कल, डेसिबल, बॅटरीची मिनिटं, वॉरंटी. असे तक्ते मी बरेच पाहिले. ‘वापरणार कोण?’ हा रकाना एकातही नव्हता.

पास्कलचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी भांडणं त्यावरून होतात. रोबोच्या खोक्यावर चार हजार, सहा हजार, दहा हजार पास्कल असे आकडे असतात आणि ते वाचून घेणाऱ्याची छाती फुगते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणजे दहा हजारवाल्या यंत्राने जिवाच्या आकांताने ओढून हवेच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा गाठला, तोही बहुधा तोंड बंद ठेवून आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मोडवर मोजलेला. तोंड उघडं असताना हवा किती वाहते आणि ब्रश फरशीला किती टेकतो, यावर खरा केर उचलला जातो. पण ही माहिती मोठ्या टायपात छापण्याजोगी नसते. ज्या ब्लेझ पास्कलचं नाव या एककाला आहे, त्याचा हवेच्या दाबाचा गाजलेला प्रयोग १६४८ मध्ये फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर झाला. पाऱ्याच्या नळ्या घेऊन डोंगर चढला तो त्याच्या बहिणीचा नवरा. पास्कलसाहेबांनी पत्रातून सूचना पाठवल्या होत्या. केर काढायच्या यंत्रांना या गृहस्थाचं नाव मिळालं, यात मला काहीही वावगं दिसत नाही.

यंत्राच्या जन्मकथेतही हाच प्रकार आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्ये जे यंत्र काढलं ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या आत सोडायचं. पुढच्याच वर्षी राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले, त्यामुळे त्याची चांगलीच वट वाढली. पण घरात मावेल असं, हातात धरायचं यंत्र बनवलं ते जेम्स मरे स्पँग्लरने. हा गृहस्थ अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. धुळीने जीव नकोसा झाला तेव्हा त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडला. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. हक्क घेतले चामड्याच्या सामानाचा धंदा करणाऱ्या विल्यम हूवरने, आणि पुढे जगभर नाव झालं तेही हूवरचंच. झाडणाऱ्याचं नाव केरात गेलं.

आपल्याकडे हे यंत्र टाय लावून आलं. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज कंपनी सुरू झाली आणि घामाघूम झालेले तरुण भर उन्हात दारोदार बेल वाजवू लागले. त्या प्रात्यक्षिकाची सर आजच्या कुठल्याही व्हिडिओला नाही. गादीवर नळी फिरवायची, आतल्या कापडावर जमलेली राखाडी पूड चहाच्या बशीशेजारी ठेवायची आणि अत्यंत हळव्या आवाजात म्हणायचं, “वहिनी, यावर तुमची मुलं झोपतात.” वहिनी हादरायच्या. संध्याकाळी दादा हप्त्यांचा हिशेब करायचे. मग ते यंत्र दिवाळीला माळ्यावरून खाली यायचं आणि भाऊबीजेला परत वर जायचं.

मुळात बूथचं काय नि स्पँग्लरचं काय, यंत्रं जन्मली ती गालिच्यांच्या मुलखात. आपल्याकडे पाहुणे आले की सतरंजी पसरतात आणि गेले की गुंडाळतात. शहाबादी फरशीने आयुष्यभर कुणाची चहाडी केली नाही. मोझॅकच्या ठिपक्यांत तर सांडलेला अख्खा मसूर दडून जायचा. पुढे बिल्डरने पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या आणि दारातून स्वयंपाकघरापर्यंत एकेक केस मोजता येऊ लागला. केर वाढला नाही, दिसायला लागला. पण बाजाराला तेवढं पुरतं.

शिवाय मराठी घराचं नुसत्या केराने भागत नाही, फरशी पुसावी लागते. म्हणून आता पुसणारा रोबो आला. तो पाव लिटरच्या टाकीतलं पाणी पुरवून पुरवून ओलसर फडकं घरभर हिंडवून आणतो. टाकीत फिनेल घालू नये असं बहुतेक पुस्तिकांत बजावलेलं असतं, आणि फिनेलचा वास आल्याशिवाय फरशी पुसली हे आमच्याकडे कुणी मान्य करत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर ओलं-कोरडं एकदम करणारं दांड्याचं यंत्र आहे. ते काम झकास करतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. फक्त काम झाल्यावर त्याची मळक्या पाण्याची टाकी घासावी लागते. एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून घासावी लागते. आणि ब्रश! तो काढून उलटा केला की मूठभर लांब केस, त्यांत गुरफटलेला राखीचा दोरा, वाळलेली दूर्वा, तुटलेल्या पोतीतला मणी. कात्रीने केसांना उभा छेद द्यायचा आणि मग नखांनी ओढत बसायचं. हे दृश्य कुठल्याही जाहिरातीत नाही.

रोबोचा थाट तर जावयासारखा. तो यायच्या आधी घर आवरावं लागतं. खुर्च्या टेबलावर उलट्या, चार्जरच्या वायरी वर, पायपुसणी बाल्कनीत, देवघरापुढची रांगोळी वाचवायला पाट आडवा. उंची नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे खरा केर साठतो त्या लोखंडी कपाटाखाली प्रवेश नाही. दोन सेंटिमीटरच्या वर उंबरा असला की स्वारी तिथेच धडका देत राहते. जी बाई अर्ध्या तासात केर काढायची ती आता अर्धा तास जमिनीवरच्या वस्तू उचलते, यंत्राला केर काढता यावा म्हणून. याला वेळेची बचत म्हणतात.

परंपरेचीही पंचाईत आहेच. लक्ष्मीपूजनाला आपण शिंदीच्या पात्यांची केरसुणी पुजतो. एका घरी रोबोला हळदकुंकू वाहिल्याचं ऐकलं. ते नेमकं सेन्सरवर वाहिल्याने लक्ष्मी गोल गोल फिरू लागली. दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, असं आजी सांगायची. ॲपमध्ये रात्री दोनची वेळ लावता येते. २००२ मध्ये रुंबा बाजारात आणून घराघरांत रोबो फिरवणाऱ्या आयरोबोट कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मी काही म्हणत नाही.

मराठी पुरुषाच्या हातात झाडू शोभतो याचा एकच सर्वमान्य दाखला आमच्याकडे आहे, तो गाडगेबाबांचा. ते १९५६ मध्ये गेले. राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. खराटा मात्र फोटोतच राहिला. बाबांनी तक्ता केल्याचं ऐकिवात नाही.

आता तक्त्यात नसलेल्या रकान्याकडे येऊ. यंत्र येऊन आठवडा झाला की सकाळी दहाच्या सुमारास घरोघरी एक संवाद ऐकू येतो. “काका, तुमचं मशीन दिवाणाखाली बोंबलतंय. काढू का?” काका मीटिंगमध्ये असतात, ते हातानेच ‘काढा’ म्हणतात. मावशी गुडघ्यावर बसतात, झाडूच्या दांड्याने रोबोला बाहेर ओढतात, पदराने पुसून खुर्चीवर ठेवतात आणि तो अडकला होता तिथला केर फुलझाडूने काढतात. ॲपमध्ये मात्र ‘आजची सफाई पूर्ण’ अशी नोंद होते. त्याच मावशींनी गेल्या महिन्यात दोनशे रुपये वाढवून मागितले तेव्हा काकांनी महागाई, मंदी आणि इतर घरांचे दर यांवर पंधरा मिनिटं विवेचन केलं आणि ‘दिवाळीनंतर बघू’वर आणून सोडलं. पस्तीस हजारांचं यंत्र घेताना त्यांनी घासाघीस केली नव्हती. वाढीव वॉरंटीही घेतली होती. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तरी पगार आणि सुट्टी यांचा निवाडा अजून स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच होतो.

सगळीच यंत्रं टाकाऊ आहेत असं म्हणायचं नाही. घरात कुणाला दमा असेल तर खरा हेपा फिल्टर कामाचा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो आणि झाडूने उडणारी धूळ वाचते. कुणाची कंबर धरलेली असेल, आजोबा एकटेच राहत असतील, तर रोबो खुशाल घ्या. अशा घरात तो लाखमोलाचा. बाकीच्यांना एवढीच विनंती की दुकानात जाताना तक्ता घरी ठेवा आणि केर जी व्यक्ती काढते तिला बरोबर न्या. मावशी असतील तर मावशींना, आणि त्यांची त्या दिवसाची इतर कामं बुडतील त्याचे पैसे द्या. यंत्र त्यांच्या हातात द्या, टाकी काढायला आणि ब्रश उपसायला सांगा. त्या ‘जड आहे’ म्हणाल्या तर तिथेच विषय संपवा, वाचलेल्या पैशांतून थकलेली पगारवाढ द्या आणि येताना एक फुलझाडू घेऊन या. व्हॅक्यूम क्लीनरवर १८ टक्के जीएसटी आहे, झाडूवर शून्य.