खड्ड्यातलं पाणी जाणार कुठे?

दिल्लीत घर बांधायचं तर कागदांना तोटा नाही. नकाशा मंजूर करून घ्या. आर्किटेक्टची सही आणा, स्ट्रक्चरल इंजिनीअरची आणा. प्लॉट 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय नकाशात दाखवा. 500 चौरस मीटरपासून पुढे बांधकामाच्या धुळीवर लक्ष ठेवणाऱ्या पोर्टलवर नोंदणी. 20 हजार चौरस मीटरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी. हे सगळं पार पडलं की जेसीबी येतो, तळघरासाठी जमीन उकरतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्या खड्ड्याचं तळं होतं. ते पाणी सोडणार कुठे, हे विचारायला मात्र कुणी फिरकत नाही.

28 जून 2024 ला सफदरजंगच्या वेधशाळेत 24 तासांत 228 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जून महिन्यात 1936 नंतर एवढा पाऊस झाला नव्हता. विमानतळाच्या टर्मिनल 1 चं छत कोसळलं, त्याचे फोटो देशभर फिरले. त्याच पहाटे वसंत विहारमध्ये बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यात कडा ढासळून मजूर गाडले गेले. तीन मृतदेह बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला. छताची चर्चा कितीतरी दिवस चालली, खड्ड्याची दोन दिवसांत संपली.

पुढच्याच महिन्यात, 27 जुलैला, जुन्या राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि यूपीएससीचा अभ्यास करणारे तिघे बुडाले. त्या वस्तीतल्या खोल्या, खाणावळी आणि अभ्यासिका मराठवाड्यापासून विदर्भापर्यंतच्या पोरापोरींनी भरलेल्या असतात. त्या रात्री महाराष्ट्रातल्या किती घरांतून घाबरेघुबरे फोन गेले असतील! तळघराची परवानगी सामान साठवण्यासाठी होती आणि तिथे अभ्यासिका चालत होती, हे सगळं नंतर कागदावर सापडलं. गटारांवर झालेली बांधकामंही नंतरच बुलडोझर लावून फोडली. म्हणजे गटार कुठे आहे हे महापालिकेला माहीत होतं. तिघांचा जीव जाईपर्यंत ते उघडावंसं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

आणि जानेवारी 2026 मध्ये नोएडाच्या सेक्टर 150 मध्ये दाट धुक्यात एका तरुण इंजिनीअरची मोटार इमारतीसाठी खणलेल्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली. तोही बुडाला. तेव्हा पावसाळा संपून महिने लोटले होते. खड्ड्यातलं पाणी तसंच होतं.

जुलैत दिल्लीतल्या कुठल्याही जुन्या कॉलनीत चक्कर मारा. हिरव्या जाळीआड खोदकाम चाललेलं असतं. जाळीखालून जाड, निळा पाइप बाहेर येतो आणि फुटपाथच्या कडेच्या गटाराच्या तोंडात खुपसलेला असतो. पंप धडधडत असतो. पाइपातून निघतं ते गढूळ, पिवळसर पाणी, त्यात वाळू आणि माती. गटार काठोकाठ भरतं, पाणी रस्त्यावर येतं आणि शेजारच्या घराच्या पायऱ्या चढू लागतं. चार पावलांवर काँक्रीट ओतून झालेला ट्रान्झिट मिक्सर रस्त्याकडेलाच धुतला जातो. ते राखाडी पाणीही त्याच गटारात. माती निदान फावड्याने निघते. सिमेंट गटारात बसलं की दगड होतं, ते फोडायलाच लागतं. शेवटी घर उभं राहतं आणि मालक मोटार चढवण्यासाठी उरल्यासुरल्या गटारावर सिमेंटचा उतार बांधतो. गाळ काढायला आलेल्या माणसाला हात घालायला जागा उरत नाही. मग गाळ काढण्याची निविदा निघते आणि तिचे पैसे सगळी दिल्ली भरते.

हे थांबवायला 57 हजार कोटी लागत नाहीत. हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. दिल्लीचा पावसाळी नाल्यांचा जुना आराखडा 1976 चा. त्याच्या जागी नवा आराखडा सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झाला, तो सुमारे 57 हजार कोटींचा आणि काही दशकं चालणारा. आराखडा हवाच होता, उशिरा का होईना, आला. पण नवा नाला बांधला आणि त्याच्या तोंडाशी दरवर्षी हजारो खड्ड्यांतली माती ओतली, तर तोही तुंबणार.

गुरुग्रामचं दुखणं याच जातीचं, फक्त आकाराने मोठं. अरवलीवरून उतरणारं पाणी नजफगढच्या सखल भागाकडे जातं. वाटेत ते अडवायला घाटा, चक्करपूर, वजीराबाद, झाडसा इथे जुने बांध होते. बांधांच्या आणि ओढ्यांच्या वाटेवर सेक्टर आखले, प्रत्येक टॉवरखाली तळघरं खणली. जुलै 2016 मध्ये रात्रभर गाड्या अडकल्या, 1 सप्टेंबर 2025 ला पुन्हा अडकल्या. प्रत्येक टॉवरला मंजुरी होतीच ना? मग पाण्याचा उतार कुठल्या फायलीत तपासला?

अमेरिकेत 1 एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना लागतो. पाणी कुठून वाहणार, माती कशाने अडवणार, हे खोदण्याआधी लिहून द्यायचं आणि काम चालू असताना ठरल्या वेळी जाऊन तपासायचं. दिल्लीत 1 एकराची अट काही कामाची नाही, गल्लीतलं घर त्याच्या विसाव्या भागावरही उभं असतं. इथे अट तळघराला लावायला हवी. तळघर खणणार? मग प्लॉट कितीही लहान असो, पाण्याची परवानगी आधी.

यावर लोक म्हणतात, आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि टेबलाखालचा आणखी एक हात. ही भीती खोटी नाही. म्हणून नवं टेबल नकोच. धुळीसाठी पोर्टल आहे, ते तळघर खणणाऱ्या लहान प्लॉटांनाही लावा आणि त्यात दोन रकाने वाढवा. पंपाचं पाणी माती खाली बसवणाऱ्या टाकीतून जातं का, याचा फोटो. खड्ड्याच्या कडांना आधार आहे का, याचा फोटो, खाली स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही. दिल्लीत मान्सून साधारण 27 जूनला येतो. 15 जूनपर्यंत हे फोटो चढले नाहीत तर काम बंद. आणि घरासमोरचं गटार मोकळं असल्याचं महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या नावानिशी लिहून दिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. आज गल्लीतलं गटार महापालिकेचं, हमरस्त्याचं पीडब्ल्यूडीचं, मोठा नाला पूर नियंत्रण खात्याचा, त्यामुळे जबाबदार कुणीच नसतो. त्या कागदावर एक नाव तरी असेल.