आठशे सीसीतून शंभर घोडे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

दारात एमएच-२१ (जालना) पासिंगची जुनी मारुती ८०० आहे आणि रात्री दोनपर्यंत मोबाइलवर इंजिन बांधणीचे व्हिडिओ पाहून टर्बो न लावता शंभर बीएचपी काढायचं खूळ डोक्यात शिरलंय, अशा होतकरूंसाठी हा मजकूर आहे. टर्बो नको, कारण ती लबाडी वाटते. शिवाय परवडत नाही. दोन्ही कारणं मान्य.

आधी एक वही घ्या. पहिल्या पानावर १०० लिहा. हाच आकडा का, असं घरच्यांनी विचारलं तर तो गोल आहे म्हणून सांगा. यापेक्षा भक्कम कारण कुणाकडेच नसतं.

दुसऱ्या पानावर कंपनीचा आकडा लिहा : कार्बोरेटरवाल्या ७९६ सीसी इंजिनाचे ३७. आता वजाबाकी. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. विरळ, तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून तीन-चार घोडे शहराच्या वेशीबाहेरच राहतात. गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट आणखी चार-पाच खातात. चाकांपर्यंत पोचतात ते तीसच्या आसपास. रिंगा झिजल्या असतील तर त्याहून कमी. म्हणजे तुमचा प्रवास ३७ पासून सुरू होत नाही, हे पानाच्या समासात लिहून ठेवा.

आता मिस्त्रीकडे जा. तो म्हणेल, "बोअर मारू की भाऊ, लई पिकअप येईल." मान डोलवा आणि मग कॅल्क्युलेटर काढा. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२, सिलिंडर तीन. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला की ७९६ चे सुमारे ८०८ सीसी होतात. दीड टक्का. बीएचपीच्या हिशेबात अर्धा घोडा. कुठला अर्धा, ते मिस्त्रीला विचारू नका. बिल पूर्ण घोड्याचं येतं. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण इथल्या सळईनं कॉलम उभे राहतात, कनेक्टिंग रॉड होत नाहीत, हेही कुणीतरी सांगायला हवं.

मग घोडे येतात कुठून? टॉर्क गुणिले आरपीएम, एवढंच. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढंच पेट्रोल नीट जाळतं, म्हणून टॉर्कला छत असतं : चांगल्या इंजिनात लिटरमागे ८५ ते १०० न्यूटन-मीटर. तुमच्या आठशेचा मूळ टॉर्क ५९. हेड पोर्टिंग, कॉम्प्रेशन, हेडर सगळं जमून तो ७५ झाला असं धरा (धरायला पैसे पडत नाहीत). तरी शंभर बीएचपीसाठी इंजिन साडेनऊ हजार आरपीएमला फिरवावं लागेल. मूळ ३७ मिळतात ५००० ला. मधल्या साडेचार हजारांत व्हॉल्व्ह स्प्रिंग, रॉड आणि तुमची एफडी या तिन्हींची परीक्षा होते.

हे जगात कुणी केलंच नाही असं नाही. होंडाने १९९९ मध्ये एस २००० गाडीत १९९७ सीसीतून जपानी बाजारासाठी २५० काढले, टर्बोविना. लिटरमागे १२५. होंडाच्या अभियंत्यांइतकं काम तुम्ही औरंगाबाद रोडच्या शेडमध्ये केलंत, तर आठशेतून ९९ मिळतील. एक कमीच. खुद्द मारुतीने या इंजिनाला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि इंजेक्शन दिलं, तेव्हा कारखान्यालाही पंचेचाळीसच्या घरातच समाधान मानावं लागलं. वहीत अपेक्षा म्हणून हाच आकडा लिहा. नीट पैसा ओतला आणि मिस्त्री खरंच जाणकार निघाला तर पंचावन्न. त्यापुढे "जालना सोन्याचा पाळणा" ही म्हण तुमच्या घरापुरती तरी खरी असावी लागते.

गरम कॅम टाकण्याचा मोह होईल. टाका. वरच्या आरपीएमला दोन-चार घोडे वाढतील, खालचा टॉर्क पळून जाईल आणि जालन्यातल्या गांधी चमनच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये धक्के देत बंद पडेल. तिथे लागतात जेमतेम पाच घोडे. समृद्धी महामार्गावर कारला मर्यादा ताशी १२० ची. तिथवर मूळ आठशेही दम टाकत पोचते. आणि वेगाचं गणित फार कंजूष आहे : ताकद दुप्पट केली तरी टॉप स्पीड चौथाईनेच वाढतो.

कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या फॉर्म्युला मारुती रेसिंग गाडीत इंजिन आठशेचंच होतं. हलकी केली ती गाडी. घोड्यांच्या संख्येचं म्हणाल तर आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांकडे घोडे उदंड होते. लढाई इंग्रज सेनापती वेलस्लीने जिंकली.

कायद्याचं एका ओळीत : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकातल्या मूळ तपशिलाला छेद जाईल असा बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी.

म्हणून पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट. रिंगा, टॅपेट, प्लग, कार्बोरेटर, एअर फिल्टर एवढ्यात हरवलेले पाच-सहा घोडे घरी येतात, आणि या किमतीत दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. तरीही वहीतला आकडा छळत असेल तर इंजेक्शनवाली जुनी एस्टीम शोधा : १२९८ सीसी, ८५ बीएचपी, आरसी बुकाला धक्का नाही. घेताना पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, तेवढं आधी बघा.