नाकापेक्षा मोती जड

श्री. अर्ल स्ट्रिकलंड यांस,
मुक्काम नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली ओळख नाही. ती व्हावी अशी इच्छा गेल्या रविवारपर्यंत होती, आता नाही. पूल या खेळात तुम्ही एवढे मोठे की लोक तुम्हाला ‘द पर्ल’ म्हणतात, म्हणजे मोती. आमच्याकडे हे नाव रत्नाचं असतं आणि फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणाऱ्या राखणदाराचंही. तुम्ही दोन्ही अर्थ सार्थ केलेत, म्हणून या पत्रापुरतं तुम्हाला मोतीराव म्हणतो. राग मानू नका. किंवा माना, तुम्ही मानणारच.

पत्राचं कारण ठाण्यातल्या एका पूल पार्लरमध्ये घडलं. तिथे रविवारी पोरांची नाइन-बॉलची स्पर्धा होती. माझा भाचा, वय वर्षे सोळा, उपांत्य सामन्यात शेवटच्या रॅकपर्यंत, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत, पोचला होता. टेबलावर फक्त नऊ नंबरचा चेंडू उरला होता, कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर, अगदी सरळ. पोरगा वाकला, त्याने क्यू मागे घेतला, आणि नेमकी तेव्हाच मागच्या बाकावर कुणीतरी वेफर्सची पुडी फोडली. चर्र! नऊ नंबर पॉकेटच्या दोन्ही जबड्यांवर टकटक आपटला आणि तोंडाशीच थांबला.

भाच्याने क्यूचा दांडा जमिनीवर आपटला आणि वळून पाहिलं. पुडीवाला त्याच्या दुप्पट होता. मग भाच्याची नजर सरकत सरकत मार्करकाकांवर आली. काका फळ्याजवळ स्टुलावर, हातात खडू, नेहमीसारखे गप्प. त्यांना तो म्हणाला, “काका, मी खेळत असताना जरा श्वास घेणं बंद ठेवाल का?”

सगळं पार्लर हसलं. दोघांनी तर मोबाइल आधीच वर धरले होते. समोरच्या पोराने आयता नऊ नंबर ढकलला, काकांनी उठून त्याच्या नावापुढे रेघ ओढली आणि ते पुन्हा स्टुलावर बसले. त्या माणसाने या पोराचं काय घोडं मारलं होतं? पोरगा पार्लरमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या उंचीचा क्यू शोधून देणारे तेच होते.

परतताना रिक्षात मी तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, “मामा, अर्ल पण असंच करतो ना.”

मोतीराव, हे पत्र त्या ‘ना’साठी आहे.

तुमची ओळख मीच करून दिली होती, हा माझा गुन्हा. मी त्याला डॅलसची गोष्ट सांगितली होती. १९९६ साल, एका नव्या व्यावसायिक मालिकेची पहिलीच स्पर्धा, आणि सलग दहा रॅक एकहाती संपवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस. एकहाती म्हणजे फोडायचं, मग न चुकता नऊ नंबर घेईपर्यंत खेळायचं आणि दहा वेळा तेच करायचं. मध्ये एकदा चुकलात की टेबल समोरच्याचं. बक्षीस लावणाऱ्यांना वाटलं असेल, गाजावाजाही होईल आणि पैसेही वाचतील. तुम्ही पहिल्याच स्पर्धेत दहा रॅक संपवलेत, आणि हात थांबेना म्हणून अकरावाही. १९९०, १९९१ आणि २००२ ची जागतिक विजेतेपदं सांगितली, पाच वेळा जिंकलेली यूएस ओपन सांगितली. पोराचे डोळे चमकले. त्याने मोबाइल काढून तुमचं नाव टाकलं.

त्याला ते अकरा रॅक दिसले नाहीत. त्याला दिसले प्रेक्षकांवर खेकसणारे तुम्ही, पंचांशी हुज्जत घालणारे तुम्ही, खुर्चीत बसून स्वतःशीच बडबडणारे तुम्ही. मी त्याला एफ्रेन रेयेस दाखवायचा प्रयत्न केला. सोपा चेंडू चुकला की डोकं खाजवून हसणारा तो फिलिपिन्सचा जादूगार. पोराने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “हा काहीच करत नाही.”

बाकीच्या तक्रारी एका दमात उरकतो. कानांवर कारखान्यातल्यासारखे मफ लावता, लावा. दंडाला वजनं बांधता, बोटांना लांबणी जोडता, जोडा. वरातीतला घोडाही एवढा सजत नाही, पण ती तुमची हौस. माफ होत नाही ते एकच. तुम्ही तुमचा राग तुमच्या खेळापेक्षा मोठा होऊ दिलात. याला आम्ही नाकापेक्षा मोती जड म्हणतो, आणि तुमच्या बाबतीत तर राग नाकावर आणि मोतीही तिथेच, म्हणजे बिचाऱ्या नाकाची सोयच उरली नाही.

नाकावर राग असणं हा काही गुन्हा नाही, आमचं अर्धं घराणं तसंच आहे. आमच्या मुंबईचे मायकेल फरेरा, बिलियर्ड्सचे जगज्जेते. १९८१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांनी नाकारली. गावसकरांना पद्मभूषण, मग जगज्जेत्याला एक पायरी खाली का, हा त्यांचा सवाल होता. १९८३ साली पद्मभूषण आलं. त्या रागावर दिल्लीचा पत्ता लिहिलेला होता. तुमचा राग बिनपत्त्याचा. पोस्टमन ज्याच्या दारात पोचेल त्याने तो घ्यायचा.

आणि तो पोचतो बहुतेक तिसऱ्या रांगेतल्या गड्याकडे. त्या गड्याबद्दल बोलायलाच हवं. दरवर्षी युरोप विरुद्ध अमेरिका असा मोस्कोनी कप होतो. लोक झेंडे गुंडाळून येतात, गाणी म्हणतात, बिअर रिचवतात, आणि प्रत्येक शॉटला तीस सेकंदांचं घड्याळ टिकटिकत असतं. ज्यांच्या नावाने हा कप आहे ते विली मोस्कोनी सूट-टाय घालून खेळायचे. पूल म्हणजे धुराच्या अड्ड्यावरचा उद्योग, हा डाग पुसण्यात त्यांचा जन्म गेला. १९५४ साली त्यांनी सलग ५२६ चेंडू घेतले. १९७८ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात मिनेसोटा फॅट्स या बडबड्या खेळाडूशी त्यांचा सामना टीव्हीवर झाला. तो शेजारी बसून अखंड टकळी चालवत राहिला, मोस्कोनी आतून उकळत राहिले आणि जिंकले. लोकांना आवडला मात्र फॅट्स. १९९३ साली मोस्कोनी वारले, आणि पुढच्याच वर्षी पूलमधल्या सगळ्यांत गोंगाटी स्पर्धेला त्यांचं नाव देण्यात आलं. आपल्याकडे एखाद्या मौनी बाबांच्या पुण्यतिथीला डीजे लावतात, तसंच.

अशा ठिकाणी तो गडी तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. त्याला तुमचा खेळ कळत नाही असं नाही, पण त्याला एक गोष्ट जास्त कळते: तुमच्याकडे एक शब्द टाकला की दहा परत मिळतात. चार आणे टाकून रुपया देणारं दुसरं यंत्र त्याला कुठे मिळणार? खेळाडू वाकला की तो खोकतो. क्यू मागे गेला की तो तुमचं नाव घेतो. क्रिकेटच्या मैदानावर चाळीस हजार लोक ओरडत असतात, तो आवाज समुद्रासारखा, फलंदाजाला ऐकूही येत नाही. पूलमध्ये शांततेतला एकच आवाज टाचणीसारखा घुसतो. हे त्या गड्याला माहीत आहे, आणि तुम्ही चिडता हेही त्याला तुम्हीच शिकवलंत. २००३ साली कार्डिफच्या जागतिक स्पर्धेत स्नूकरचे जगज्जेते स्टीव्ह डेव्हिस समोर होते आणि सभागृह डेव्हिसांचं होतं. तुम्ही डेव्हिसांशी खेळलात आणि सभागृहाशी भांडलात. सामना जिंकलात. पण आज त्या सामन्यातला तुमचा एक तरी शॉट कुणाला आठवतो का, विचारून पाहा. भांडण आठवतं.

त्याच्या आदल्याच वर्षीची, त्याच कार्डिफमधली फायनल मला विसरता येत नाही. समोर फ्रान्सिस्को बुस्टामांटे. स्पर्धा चालू असताना त्याला निरोप आला होता की त्याची तान्ही मुलगी गेली. तो खेळत राहिला, फायनलला आला आणि तुमच्याकडून १७-१५ ने हरला. बत्तीस रॅकच्या त्या सामन्यात तुम्ही टेबलावर असताना तो खुर्चीत बसून होता. काय काय आलं असेल त्याच्या डोक्यात त्या खुर्चीत! आणि तुम्हाला कुणाचा खोकला सहन होत नाही? कुणी ग्लास ठेवला तर सहन होत नाही? एवढे नाजूक आहात का तुम्ही, मोतीराव? तो माणूस तुमच्यापासून दहा फुटांवर बसला होता!

थांबतो. मी क्यू आपटला, हे माझ्या लक्षात आलं.

कारण ती खुर्ची तुमच्याही वाट्याला आयुष्यभर आली आहे. टेनिसमध्ये समोरच्याने कितीही सुंदर फटका मारला तरी धावता तरी येतं. कुस्तीत अंगाला अंग भिडतं. पूलमध्ये समोरचा खेळत असताना तुम्ही फक्त बसायचं, हातात क्यू, शेजारी पाण्याचा ग्लास, आणि तुमचा पराभव एकेका चेंडूने पॉकेटात पडताना पाहायचा. त्या वेळी उघडं असतं ते फक्त तोंड. एवढ्या वर्षांत ते कधी ना कधी उघडणारच. मला तर दाताच्या डॉक्टरकडे अर्धा तास बसवलं तरी मी रिसेप्शनिस्टशी भांडून येतो.

आणि मग तुमचं ते १९९६ साल आठवतं. अकरा रॅक तर झाले, पण दहा लाख डॉलर काही त्याच संध्याकाळी हातात पडले नाहीत. विमा कंपनीने हात आखडता घेतला आणि न चुकता खेळलेल्या खेळाचा हिशेब वकिलांकडे गेला. त्याच वर्षी हाँगकाँगला रेयेसशी तीन दिवसांचा सामना झाला. आधी १२० रॅक जिंकेल त्याला एक लाख डॉलर. निकाल १२०-११७. तीन दिवसांनंतर तुम्हाला तीन रॅक कमी पडले. गोल्फमध्ये एखादा गृहस्थ खड्ड्याशी वाकला की माणसं पाट्या उंचावून हजारोंना गप्प करतात आणि हजारो गप्प होतात. तुमच्या खेळाला ती शांतता कुणी आपण होऊन दिली नाही. तुम्ही ती मागत हिंडलात, आणि मागता मागता आवाज चढला. तो चढलेला आवाज तेवढा लोकांनी जपून ठेवला.

लोकांनी म्हणजे कोणी? रविवारी रात्री भाच्यावर चिडून मी ठरवलं, याला उद्या तुमचे ते अकरा रॅक शोधून दाखवायचेच. मोबाइल घेऊन बसलो. पाऊण तासाने पाहतो तर मी तुमचं सहावं भांडण बघत होतो, आणि मजेत होतो. एकदा तर एवढ्या मोठ्याने हसलो की बायकोने आतून विचारलं, काय झालं. तिसऱ्या रांगेतला गडी आमच्या सोफ्यावर बसला होता, बिअरऐवजी चहा घेऊन.

तोवर भाच्याची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर पोचली होती. तेवीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. पोरगा एका दिवसात प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाईना. खरी गंमत पुढे आहे. त्याच रॅकमध्ये, नऊ नंबर चुकण्याआधी, त्याने तीन नंबर असा घेतला होता की माझा श्वास अडकला. पाच नंबर वाटेत आडवा, तर याने तीन नंबर लांबच्या कुशनवर आपटून परत आणला आणि सरळ पॉकेटात. तो शॉट एकाही मोबाइलमध्ये नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मी त्याला कॉलर धरून पार्लरमध्ये नेलं. काका टेबलाच्या कापडावर ब्रश फिरवत होते, हळूहळू, एकाच दिशेने. भाच्याने पाठ केलेली माफी म्हणायला सुरुवात केली. काकांनी ब्रश थांबवला नाही. माफी संपल्यावर म्हणाले, “तीन नंबर कुशनवरून घेतलास ना, तो चांगला होता. पण क्यूची मूठ घट्ट धरतोस. सैल धर.”

तेवढंच. पोराला कुठे बघावं ते कळेना. मलाही.

तेव्हा मोतीराव, कधी मुंबईला आलात तर ठाण्याला या. टेबल मी लावतो. आमच्याकडे टेबलाचे पैसे हरणारा देतो, म्हणजे ते मीच देणार, हे ठरलेलं. तुम्ही फोडा, मी खुर्चीत बसतो. तुम्ही अकराच्या अकरा रॅक संपवा. मोबाइल बाहेर ठेवायला लावू. स्कोअर काका लिहितील, त्यांना प्रत्येक चेंडू आठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिसऱ्या रांगेतला एक

ता. क. काका श्वास मात्र घेतील. तेवढं चालवून घ्या.