तुला काय वाटतं?

आमचे मॅनेजरसाहेब लोणावळ्याहून परत आले ते चिक्की घेऊन आणि कोच होऊन. चिक्की दुपारच्या चहापर्यंत संपली. कोच अजून आहे.

कंपनीने झाडून सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरांना दोन दिवस रिसॉर्टवर नेऊन कोचिंग शिकवलं. त्याआधी आमचं बरं चाललं होतं. साहेब सांगायचे, आम्ही करायचो, बिघडलं की क्लायंटच्या कॉलवर साहेब आमचं नाव घ्यायचे. व्यवहार चोख होता. आता सुट्टी मागायला गेलं तरी साहेब खुर्ची पुढे ओढतात, मान जराशी तिरकी करतात आणि म्हणतात, "तुला काय वाटतं?"

मला वाटतं, मिळावी. म्हणून तर आलो.

"या सुट्टीतून तुला नेमकं काय साध्य करायचंय?"

"मावसबहिणीचं लग्न आहे, सर. साताऱ्याला."

"छान. आणि सध्याची वस्तुस्थिती काय आहे?"

"हळद झाली."

हे प्रश्न साहेबांच्या पदरचे नव्हेत. त्यांच्या कीबोर्डखाली लॅमिनेट केलेलं एक कार्ड असतं. त्यावर गोल, रिॲलिटी, ऑप्शन्स, विल असे चार शब्द आहेत. म्हणजे काय हवंय, आज कुठे आहोत, काय काय करता येईल आणि त्यातलं तू काय करणार. ही चौकडी जगभर पोचवली जॉन व्हिटमोर नावाच्या इंग्रजाने, १९९२ च्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकातून. हा गृहस्थ मूळचा मोटार शर्यतीतला; १९६५ साली युरोपातली टूरिंग कार स्पर्धा जिंकलेला. इतकी गाडी हाणून झाल्यावर माणसाला 'थांबा, विचारा, ऐका' हे सुचत असावं. आम्ही रोज संध्याकाळी हिंजवडीतून वाकडपर्यंत इंच-इंच सरकतो, आम्हाला कुठून सुचणार?

व्हिटमोरच्याही मागे टिमथी गॅल्वे हा अमेरिकन टेनिस शिक्षक आहे. त्याचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' १९७४ चं. रॅकेट अशी धर, खांदा वळव, गुडघा वाकव असं बडबडत राहिलं की शिकणारा आणखी गोंधळतो, हे त्याला कोर्टावर दिसलं. म्हणून तो शिष्यांना एवढंच सांगायचा की चेंडू टप्पा खाईल तेव्हा 'टप्पा' म्हणा, रॅकेटला लागेल तेव्हा 'फटका' म्हणा. मन त्या कामाला लागलं की हात आपलं काम बिनबोभाट करतो. आमच्या सकाळच्या स्टँडअपमध्ये बारा माणसं एका कोडरला एकाच वेळी खांदा वळवायला सांगत असतात, हे गॅल्वेने पाहायला हवं होतं.

साहेबांना मात्र या सगळ्यातली एकच गोष्ट भावली, आणि ती त्यांनी चहाच्या मशीनपाशी रंगवून सांगितली. टेनिसचे कोच कमी पडले, म्हणून व्हिटमोरच्या मंडळींनी या पद्धतीत तयार झालेले बर्फावरच्या स्कीइंगचे कोच आणले आणि त्यांच्या हातात रॅकेटी दिल्या. त्यांचं शिकवणं टेनिसवाल्यांच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरसच ठरलं. कारण त्यांना खेळातल्या चुका दिसतच नव्हत्या. त्यामुळे सांगण्याची सोय नव्हती, विचारावंच लागत होतं. साहेबांनी शेवटचा कोड कधी लिहिला हे टीममध्ये कुणालाच आठवत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते अप्रेझललाही पाहिलं नव्हतं.

मला यावर आचरेकर सर आठवले. स्वतः प्रथम श्रेणीचा सामना खेळले फक्त एक. पण शिवाजी पार्कात यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला जो बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. 'तुझं ध्येय काय?' हा प्रश्नच नव्हता, ध्येय यष्टीवर चकाकत होतं. सर आपल्याला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, हे सचिनने २०१३ साली वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं. हे मी साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग. यातून तू काय घेतलंस?"

खरी गंमत प्रश्नांच्या जातीत आहे. कार्यशाळेत सांगितलं, हुकूम सोडू नका, प्रश्न विचारा. साहेबांनी तो नियम तंतोतंत पाळला. "तुला नाही वाटत, की हे आधी टेस्ट करायला हवं होतं?" "शनिवारी आलास तर कसं वाटेल?" आपल्याकडच्या आत्या-मामांना हे तंत्र जन्मजात येतं, त्यांना रिसॉर्ट लागत नाही.

एकदा मात्र साहेब खरंच गप्प बसले. आमच्याकडच्या नव्या टेस्टर मुलीला त्यांनी केबिनमध्ये विचारलं, "टेस्टिंग दर वेळी का लांबतं?" आणि शिकवल्याप्रमाणे तोंड मिटलं. काचेतून मला सगळं दिसत होतं. साहेब पेनचं बटण दाबत होते, सोडत होते. एसीकडे पाहून झालं. ओठ दोनदा उघडले आणि परत मिटले. मराठी माणसाने समोर चूक दिसत असताना सल्ला गिळणं म्हणजे काय यातना, हे त्या दिवशी पाहिलं. ती मुलगी आधी नखं बघत बसली आणि मग म्हणाली, "सर, मी आठ दिवस लिहिले होते. एक्सेलमध्ये त्याचे पाच कुणी केले, माहीत नाही."

कुणी केले हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं. पुढच्या स्प्रिंटला आठाचे आठच राहिले, आणि टेस्टिंग आठ दिवसांत संपलं.

उलट रात्री दीड वाजता प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हाही साहेबांनी कॉलवर विचारलं, "आदर्श परिस्थिती तुझ्या डोळ्यांसमोर कशी येते?" मी म्हटलं, "सर, सर्व्हर चालू असलेला." पलीकडे क्षणभर शांतता. मग जुना, ओळखीचा आवाज आला: "मागचा बिल्ड टाक आधी, उरलेलं सकाळी बघू." पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. आग लागल्यावर प्रश्न विचारू नयेत, हे कार्डावर पाचव्या ओळीत छापायला हरकत नाही. तसंच, आज 'मोकळेपणाने बोल' म्हणणारा माणूसच एप्रिलमध्ये रेटिंग देणार असतो, यावर त्या कार्डात काही तोडगा नाही. त्यामुळे आम्ही बोलतो मोकळेपणाने, पण जरा बघून.

तुमचेही मॅनेजर लवकरच लोणावळ्याला निघणार असतील, तर एक विनंती आहे. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं, तर लगेच उत्तर देऊन टाकू नका. त्यांना थोडा वेळ गप्प बसू द्या. सवय नाहीये हो त्यांना.