डिकीवरची हवा

हौशी रेसरांवर टीका करणारे नेहमी सायलेन्सरपाशीच अडकतात. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरतानाचा फोटो छापून येतो, चार दिवस शहराला बरं वाटतं, पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा तोच फटफटाट. पण सायलेन्सर हा त्या गाडीवरचा त्यातल्या त्यात सरळमार्गी भाग आहे. त्याला आवाज करायचा असतो, तो आवाज करतो. फसवणूक कुठे नाही. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही तो ऐवज डिकीवर बसलेला असतो. चार दारांची साधी सेडान, मागच्या काचेला बाळासाठी लावलेली उन्हाची जाळी, सीटमागच्या खिशात कुठल्याशा लग्नातली आहेराची पिशवी, आणि डिकीच्या झाकणावर दोन पायांवर उभी असलेली, कार्बन फायबरच्या नक्षीचा स्टिकर गुंडाळलेली भली थोरली विंग. तिच्या दोन्ही पायांना ओळीने भोकं असतात. बोल्ट या भोकातून त्या भोकात घातला की विंगचा अँगल बदलतो, आणि मालक तो खरोखर बदलतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी सापडणार नाही, पण एलन की हमखास सापडेल. एक्स्प्रेस वेला जायचं तर दुसरं भोक, ताम्हिणीला जायचं तर चौथं. पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलसाठी कुठलं भोक योग्य, यावर मात्र जाणकारांचं अजून एकमत झालेलं नाही.

विंगचं शास्त्र खोटं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे संपादकांकडे जाणारी निम्मी पत्रं टळतील. विमानाचा पंख उलटा बसवला की वाहती हवा गाडीला उचलायचं सोडून खाली दाबते, टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतात आणि वळण जास्त वेगात घेता येतं. फक्त हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच हिशेबाने कमी होतो. वेग निम्मा झाला की दाब पाव होतो, वेग एक दशांश झाला की दाब एक शतांश. आता मन मोठं करून धरू, की आपल्या मित्राची विंग ताशी १५० किमीला ५० किलो दाब देते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच विंगा हा आकडा ऐकून लाजतील, पण धरू. २०२४ सालच्या एका जागतिक पाहणीत पुण्यात १० किमी जायला सरासरी ३३ मिनिटं लागतात असं निघालं; जगातल्या मंद शहरांत आपला नंबर चौथा. म्हणजे ताशी १८ किमी. अठरा भागिले दीडशे, त्याचा वर्ग, गुणिले पन्नास. उत्तर येतं ७२० ग्रॅम. आणि विंग, तिचे पाय, बोल्ट, वायसर असा सगळा संसार चार किलोचा धरला, तर ती हवेच्या जोरावर जेवढी दाबते त्याच्या पाचपटीहून अधिक ती नुसती बसून दाबते. स्वतःच्या वजनाइतका दाब द्यायलाही तिला ताशी ४२ चा वेग लागतो, आणि कोथरूडहून हडपसरला जाताना संध्याकाळी सहा वाजता ४२ चा वेग फक्त उलट बाजूने येणाऱ्या दुचाकीला मिळतो. एक्स्प्रेस वेवरची १०० ची मर्यादा पाळली तर दाब होतो २२ किलो. पूर्ण ५० किलो हवे असतील तर मर्यादा दीडपट मोडावी लागते. याउलट सिमेंटची एक गोणी डिकीत टाकली की ५० किलोचा दाब सिग्नललासुद्धा मिळतो, पार्किंगमध्येसुद्धा मिळतो, आणि तिचा अँगल बदलावा लागत नाही.

यावर पेट्रोलहेड मंडळींकडून जो आक्षेप येतो, तो बरोबर आहे. ते म्हणतात, गोणीला वस्तुमान असतं. गोणी गाडीला जड करते, पळताना आणि थांबताना आडवी येते, वळणावर बाहेर खेचते. हवेचा दाब टायरवर भार टाकतो, पण गाडीचं वस्तुमान वाढवत नाही. विंगची सगळी गंमत तीच आहे. शंभर टक्के मान्य. पण मग हाच न्याय विंगच्या चार किलोंना लावा. शहरात धावताना मालकाच्या हाती ७२० ग्रॅम फुकटचा दाब येतो आणि चार किलो गोणीच्या जातीचं वजन येतं, तेही गाडीच्या उंच भागात, मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे जिथे वजन असू नये नेमकं तिथे. ज्या माणसाने वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी काढून घरी माळ्यावर टाकली, मागच्या सीटखालची रबराची मॅट सोलून काढली, आणि ज्याची बायको पंक्चर झाल्यावर पिरंगुटच्या पुढे दीड तास उन्हात उभी राहिली, त्या माणसाने हे चार किलो स्वखुशीने वर चढवलेले असतात.

बरं, दाब पडतो तो कुठे? आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेडान पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांना. मागची दोन चाकं गाडी फरफटू नये म्हणून असतात, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. विंग मागच्या एक्सलच्याही मागे असते, त्यामुळे ती मागचा भाग दाबते आणि तरफेच्या नियमाने पुढचा भाग थोडा हलका करते. आता गंमत बघा. हौशी रेसरची जन्माची तक्रार काय असते? अंडरस्टिअर. वळणात गाडी पुढून सरकते, नाक आत येत नाही, स्टिअरिंग फिरवावं तिकडे जात नाही. या विषयावर ही मंडळी चहाच्या टपरीवर दोन-दोन तास हातवारे करून बोलतात. एका हाताने गाडी, दुसऱ्या हाताने वळण, आणि शेवटी ग्लास सांडतो. एवढी चर्चा झाल्यावर पुढची पकड कमी पडते या दुखण्यावर जो उपाय निवडला जातो, तो मागची पकड वाढवणारा आणि पुढची कमी करणारा! सुदैवाने ताशी १८ ला हा उपाय लागू पडत नाही. अपाय न होण्याचं सगळं श्रेय ट्रॅफिकला आहे.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या टूरिंग कारच्या शर्यती जगभर होतात आणि त्या गाड्यांनाही मागे विंग असते, मग ते सगळे वेडे का? नाहीत. त्या गाड्या ताशी २०० च्या पुढे जातात. चपळ वळता यावं म्हणून त्यांचा मागचा भाग मुद्दाम ढिला ठेवलेला असतो आणि वेगात तो निसटू नये म्हणून मागे विंग लागते. पुढे बंपरखाली स्प्लिटर असतो, तो पुढची बाजू दाबतो. दोन्हींचा तोल मोजून, चाचण्या घेऊन ठरवलेला असतो. आपल्याकडे स्प्लिटर लावणारेही आहेत. तो सोसायटीच्या पहिल्या स्पीडब्रेकरला निघतो आणि वॉचमनच्या केबिनमागे भिंतीला टेकून ठेवलेला असतो. विंग राहते, कारण तिच्या उंचीचा स्पीडब्रेकर महापालिकांनी अजून बांधलेला नाही.

त्यात ती बसवलेली कशी असते, हे एकदा डिकी उघडून बघण्यासारखं आहे. डिकीचं झाकण म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. त्याला ड्रिलने चार भोकं पाडायची, चार स्क्रू पिळायचे, कडेने सिलिकॉन फासायचं. पहिल्या पावसाळ्यात सिलिकॉन सुटतं आणि पाणी थेट डिकीत, गालिच्याखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात. स्टेपनी माळ्यावर असल्याने तिथे पाण्याला जागा भरपूर. झाकणाची स्प्रिंग कंपनीने झाकणाच्या वजनासाठी दिलेली, चार किलो जास्तीच्या पाहुणीसाठी नव्हे; त्यामुळे डिकी उघडून हात काढला की झाकण हळूहळू खाली येतं आणि वाकून भाजीची पिशवी काढणाऱ्याच्या मानेवर बसतं. त्यावर उपाय म्हणून डिकीत एक लाकडी दांडकं कायमचं ठेवलेलं असतं. विंग बसवल्यानंतर गाडीत मोजता येण्याजोगा फरक पडतो तो हा: पाणी आणि दांडकं. पन्नास किलो दाब कधीकाळी खरोखर आलाच, तर तो चाकांपर्यंत पोचायच्या आधी पत्रा आत घेईल. ज्यांनी हा खेळ आधी खेळला त्यांनाही हे महागात पडलं होतं. १९६८ साली फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर उंच काठ्यांवरच्या विंगा आल्या, आणि दाब सरळ चाकांवर पडावा म्हणून काहींनी त्या थेट सस्पेन्शनवर रोवल्या. १९६९ च्या मे महिन्यात बार्सेलोनाच्या माँटज्युइक टेकडीवरच्या शर्यतीत एकाच संघाच्या दोन गाड्यांच्या विंगा एकाच चढाच्या माथ्यावर मोडल्या आणि दोन्ही गाड्या कठड्यावर आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅकोला पहिल्या सरावानंतर उंच विंगा काढायला लावल्या. जगातल्या सर्वांत हुशार इंजिनिअरांना जे धड जमेना, ते आपल्याकडे गाडीची सीट कव्हरं शिवणारा माणूस पाऊण तासात करून देतो, वर लिंबू-मिरची फुकट.

तिसरा आक्षेप असा, की आमच्यासाठी ट्रॅक कुठे आहे? हा प्रश्न रास्त आहे आणि यात सरकारपासून सगळ्यांना चार शब्द सुनावता येतील. हौशी माणसाच्या तोंडी असलेले मोठे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर, आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किमीचा, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन येऊन गेली. तिन्ही पुण्याहून हजार किमीच्या आसपास किंवा त्याहूनही लांब. तरीही महाराष्ट्रातून दरवर्षी तिकडे जाणारे आहेत. नोकरीतून रजा काढतात, गाडी ट्रकवर चढवतात, गॅरेजच्या शेडमध्ये झोपतात आणि लॅपमध्ये तीन दशांश सेकंद वाचले म्हणून परतीच्या प्रवासात नऊशे किमी तेवढंच बोलतात. वेडेच आहेत, पण जातिवंत. आणि त्यांच्या गाड्या बघा. पहिला पैसा टायरना, दुसरा ब्रेकच्या पॅडना आणि ब्रेक ऑइलला, मग हेल्मेट, सीट, पट्टे. विंगचा विषय निघालाच तर पाचव्या-सहाव्या वर्षी निघतो, तोही स्टॉपवॉच हातात धरून: लावून किती, काढून किती. सरळ पट्ट्यावर विंग वेग खाते हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून वळणात कमावलेलं आणि सरळीत घालवलेलं यांची वजाबाकी करूनच ती ठेवतात किंवा फेकतात.

आणि इथे माझा तोल जातो. कारण विंगवरून नजर खाली आणली की टायर दिसतात. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या रबरावर. जी काही पकड आहे ती तिथे आहे; विंग, रिमॅप, लोअर केलेलं सस्पेन्शन, सगळ्यांचा हिशेब अखेर त्या चार तळहातांवर येतो. नियमाने मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल हव्यात. विंगवाल्या गाड्यांचे टायर बघा. खाचा कुठे होत्या ते सांगायला जाणकार लागेल. बाजूच्या भिंतींना चिरा, एकात हवा कमी, पुढच्या दोनांचे ब्रँड वेगळे. विंग आणि तिच्या मजुरीला घातलेल्या पैशांत निदान दोन धड टायर आले असते. पण टायर काळे असतात, खाली असतात, फोटोत येत नाहीत. आणि असल्या टायरवर ही मंडळी रविवारी पहाटे ताम्हिणीत, वरंध्यात 'टाइम लावायला' जातात! ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, कडेला खडीची मोकळी पट्टी असते, झेंडे घेतलेली माणसं असतात, रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी असते. घाटात समोरून भाजीचा टेम्पो येतो, धबधब्यापाशी कणीस खात उभं असलेलं कुटुंब येतं, रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला माणूस येतो. यांतल्या एकानेही शर्यतीसाठी नाव नोंदवलेलं नसतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड ५०० वरून ५००० रुपये केला, म्हणजे एखाद्या बऱ्या विंगच्या किमतीपेक्षा अजून कमीच. ट्रॅक लांब आहे म्हणून घाट वापरतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की ऑपरेशन थिएटर लांब असलं तर स्वयंपाकघरात ऑपरेशन करतोस का.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत साधा: दिसायला छान दिसते, आमचा शौक आहे, तुमचं काय जातं? काही जात नाही. जो असं म्हणतो त्याच्याशी या सदराचं भांडण नाही. ट्रकवाला आरशाला गोंडे बांधतो, मागे मोर रंगवतो, पण मोरामुळे ट्रक घाट लवकर चढतो असं तो कुणाला सांगत नाही. विंगवाल्याचं दुखणं हे, की त्याला नुसतं छान दिसून पुरत नाही. त्याला डाउनफोर्स हवा असतो, भोकांचा हिशेब हवा असतो, 'विंग लावल्यापासून एकशेवीसला गाडी कशी बसलीय' असं लिफ्टमध्ये शेजाऱ्याला सांगायचं असतं. नटण्याची लाज वाटते म्हणून नटण्याला इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट लागतं. तेव्हा ज्यांच्या डिकीवर विंग आहे त्यांना एक विनंती. एलन की ग्लोव्ह बॉक्समध्येच राहू द्या, आणि या रविवारी घाटाकडे न वळता जवळच्या पेट्रोल पंपावर जा. चारही टायरमधली हवा तपासून घ्या, माळ्यावरच्या स्टेपनीतलीही घ्या. तिथे हवा फुकट मिळते.